परक्या संघाची धुरा

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत यावे ते बोनस, महागाई भत्ता किंवा कामगार कायदा यांवर बोलण्यासाठी, अशी आपल्याकडची रीत आहे. म्हणून मी फुटबॉलवर बोलणार असे जाहीर झाल्यावर काहींना नवल वाटले असेल. नगर हे लष्करी छावणीचे गाव, तेव्हा फुटबॉल इथे परका नाही. पण माझा विषय खेळापेक्षा एका नोकरीचा आहे. फुटबॉलच्या जगात मॅनेजर नावाची जी नोकरी असते, तिच्याइतकी अस्थिर नोकरी मी दुसरी पाहिलेली नाही. आणि नोकरीची अस्थिरता हा तर माझ्या आयुष्याचा धंदाच आहे.

या नोकरीत अधूनमधून एक विलक्षण प्रसंग घडतो. चांगले नाव कमावलेला एखादा माणूस, जिथे आपले स्वागत होणार नाही हे शेंबड्या पोरालाही दिसते आहे, अशा संघाची धुरा आपण होऊन खांद्यावर घेतो. तो ती का घेतो, तिथे त्याचे काय होते, आणि जे होते त्याला जबाबदार कोण, हे मला उलगडून सांगायचे आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, दूधसंघ आहेत, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था आहेत. बाहेरून आलेला कार्यकारी संचालक, बाहेरून आलेला मुख्याध्यापक, बाहेरून आलेला डॉक्टर वर्षभरात गाशा गुंडाळून गेलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. ‘टिकला नाही’ एवढ्या दोन शब्दांत आपण त्याचा निकाल लावतो. त्या दोन शब्दांमागे काय असते, ते फुटबॉलच्या उदाहरणाने फार स्वच्छ दिसते, म्हणून हा विषय घेतला.

मॅनेजरचे काम

प्रथम हे काम समजून घेऊ. मैदानावर अकरा जण खेळतात. कोणते अकरा, कोणत्या जागी आणि कोणत्या डावपेचाने, हे मॅनेजर ठरवतो. इंग्लंडमध्ये पूर्वापार त्याचा अधिकार याहून मोठा होता. कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला विकायचे, तरुण पोरांमधून कोणाला वर आणायचे, हेही बहुतांशी तोच पाहत असे. आपल्याकडे त्याला प्रशिक्षक किंवा कोच म्हणतात आणि त्याचा अधिकार अनेकदा सराव घेण्यापुरता आखडलेला असतो. संघ कागदावर त्याचा. खेळाडू मात्र क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी आधीच घेऊन ठेवलेले.

या माणसाला तीन धनी असतात. वर संचालक मंडळ. ते पगार देते. खाली खेळाडू, त्यांच्या पायांवर त्याचे नशीब. भोवती प्रेक्षक, ते निकाल देतात. गिरणीतल्या मास्तराचे काम बिघडले तर ते खात्यातल्या चार माणसांना कळते. मॅनेजरच्या कामाचा हिशेब दर आठवड्याला गुणतक्त्याच्या रूपाने वर्तमानपत्रात छापून येतो, आणि तो वाचून पानवाल्यापासून वकिलापर्यंत प्रत्येक जण त्याला सल्ला देऊ शकतो.

संघ हरू लागला की काय करता येते? अकरा खेळाडू एकदम बदलता येत नाहीत. त्यांचे करार असतात. संचालक स्वतःला बदलत नाहीत. प्रेक्षक तर बदलताच येत नाहीत. उरतो एकच माणूस. म्हणून काढला जातो तो मॅनेजर. यंत्र जुने झाले की फोरमन बदलायचा, ही युक्ती आपल्या कारखानदारांनीही पुष्कळ वापरलेली आहे.

लीड्सचे ४४ दिवस

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. ब्रायन क्लफ हा १९३५ साली मिडल्सब्रो या कारखान्यांच्या गावी जन्मलेला माणूस. वडील मिठाईच्या कारखान्यात कामाला. क्लफ स्वतः असामान्य गोल करणारा खेळाडू होता. लीगच्या २७४ सामन्यांत त्याने २५१ गोल केले. १९६२ च्या डिसेंबरात गुडघा निकामी झाला आणि ऐन उमेदीत खेळ संपल्यासारखा झाला. १९६५ साली, वयाच्या तिशीत, तो हार्टलपूल या लीगच्या तळाशी रखडणाऱ्या, पैशाने कंगाल क्लबाचा मॅनेजर झाला. तिथे त्याने संघाची बस चालवण्याचा परवानासुद्धा काढून ठेवला होता.

त्याच्याबरोबर पीटर टेलर नावाचा सहकारी होता. खेळाडू पारखण्याची दृष्टी टेलरची आणि त्यांना पेटवण्याची ताकद क्लफची, अशी ती जोडी होती. १९६७ मध्ये दोघे डर्बी काउंटी या दुसऱ्या वर्गातल्या क्लबात गेले. दोन वर्षांत संघ पहिल्या वर्गात आला आणि १९७२ साली इंग्लंडचा विजेता झाला. पण क्लफची जीभ तिखट होती. दूरचित्रवाणीवर, वर्तमानपत्रांत तो कुणाचीही भीड ठेवत नसे. संचालकांशी खटके उडत गेले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात दोघांनी राजीनामे दिले.

आता लीड्स युनायटेडची गोष्ट. या क्लबाला डॉन रेव्ही या मॅनेजरने १३ वर्षे खपून शून्यातून वर आणले होते. १९६९ आणि १९७४ साली लीग जिंकलेली. खेळाडू त्याला घरातल्या वडीलधाऱ्यासारखे मानत. संघ कणखर होता आणि त्याचा खेळ धसमुसळा, प्रसंगी नियमांना बगल देणारा आहे, अशी टीकाही होत असे. ही टीका सर्वांत मोठ्या आवाजात करणारा माणूस ब्रायन क्लफच होता. लीड्सला शिक्षा म्हणून खालच्या वर्गात ढकलावे, इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

१९७४ मध्ये रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर झाला आणि लीड्सच्या संचालकांनी त्याच्या जागी नेमके क्लफलाच बोलावले. टेलर बरोबर आला नाही. दोघे तेव्हा ज्या ब्रायटन क्लबाकडे होते तिथेच तो राहिला. क्लफ एकटाच गेला. सुरुवातीच्याच दिवसांत त्याने खेळाडूंना एकत्र बसवून सांगितले की, तुम्ही मिळवलेली पदके कचऱ्याच्या डब्यात टाका, कारण ती तुम्ही सचोटीने मिळवलेली नाहीत.

पुढचे सारे झपाट्याने घडले. १० ऑगस्टला वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्ध चॅरिटी शील्डचा सामना झाला. त्यात लीड्सचा कप्तान बिली ब्रेमनर आणि लिव्हरपूलचा केव्हिन कीगन यांची मारामारी होऊन दोघेही बाहेर काढले गेले. ब्रेमनरवर लांबलचक बंदी आली. लीगच्या पहिल्या सहा सामन्यांत लीड्सला एकच विजय मिळाला. क्लफने आपल्या जुन्या डर्बीतून मॅकगव्हर्न आणि ओ’हेअर हे दोन खेळाडू आणले, तर प्रेक्षकांनी त्यांनाही झिडकारले. शेवटी संचालकांच्या समोर खेळाडूंची बैठक झाली, आणि तिथे मॅनेजरविषयी जे बोलले गेले त्याने शेवट ठरला. १२ सप्टेंबर १९७४ रोजी, ४४ व्या दिवशी, क्लफला निरोप मिळाला.

कामगाराच्या नजरेने

या गोष्टीचा अर्थ पुष्कळांनी असा लावला की, गर्विष्ठ माणसाचे गर्वहरण झाले. अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. मी माझ्या धंद्याच्या नजरेने पाहतो, तेव्हा मला त्या खोलीत बसलेले खेळाडू दिसतात. तेरा वर्षे घाम गाळून, हाडे मोडून घेऊन त्यांनी जे मिळवले, ते एका नव्या वरिष्ठाने एका वाक्यात कवडीमोल ठरवले. कामगाराला पगार कमी दिला तर तो भांडतो. पण त्याच्या गेल्या कामाची किंमत नाही म्हटले तर तो भांडतसुद्धा नाही. तो गप्प बसतो, आणि हे गप्प बसणे संपापेक्षा महाग पडते.

हे मी पाहिलेले आहे. नव्वदच्या दशकात एका साखर कारखान्यात बाहेरून नवे चीफ इंजिनिअर आले. माणूस हुशार, कामात चोख. पहिल्याच दिवशी गेटवर त्यांनी कामगारांना सुनावले की, आजवर तुम्ही फुकटचे खाल्ले. त्यानंतर कुणी त्यांचा एकही हुकूम मोडला नाही. फक्त असे झाले की, गव्हाणीची साखळी सैल पडते आहे, मिलचे बेअरिंग तापते आहे, हे जे पूर्वी फिटर आपण होऊन येऊन सांगायचा, ते सांगणे बंद झाले. यंत्र बंद पडल्यावर सगळे नियमाप्रमाणे हजर. त्या हंगामात गाळप किती वेळा थांबले, हे कामगारांच्या बायकांनासुद्धा तोंडपाठ होते. हंगाम संपण्याआधी साहेब गेले. मी कामगारांच्या बाजूने उभा होतो आणि आजही त्याच बाजूला उभा राहीन. पण कारखान्याच्या बंगल्यात संध्याकाळी एकटाच बसलेला तो माणूसही मला दिसत असे. त्याला ज्यांनी आणले, ‘जरा कडक वागा’ म्हणून ज्यांनी त्याचे कान भरले, ते संचालक त्या दिवसांत त्याच्या बंगल्याकडे फिरकत नव्हते.

लीड्समध्ये हेच घडले. क्लफची चूक उघड आहे, ती झाकण्याचे कारण नाही. परंतु त्याची जाहीर मते साऱ्या इंग्लंडला माहीत असताना त्याला बोलावले कोणी? खेळाडूंना आधी विश्वासात कोणी घेतले नाही? पाठीशी उभे राहण्याची वेळ आली तेव्हा सहा सामन्यांत कोणाचा धीर सुटला? संचालकांनी त्याला मोठी नुकसानभरपाई देऊन विषय मिटवला. पैसे देऊन जबाबदारीतून सुटता येते, हे भांडवलदाराला कुणी शिकवावे लागत नाही.

पुढचा भाग अधिक बोधक आहे. क्लफच्या जागी जिमी आर्मफील्ड हा सौम्य वृत्तीचा मॅनेजर आला, आणि तोच संघ १९७५ मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. म्हणजे खेळाडू संपलेले नव्हते. क्लफ १९७५ च्या जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दुसऱ्या वर्गात चाचपडणाऱ्या क्लबात गेला. १९७६ मध्ये टेलर पुन्हा त्याला येऊन मिळाला. १९७७ ला संघ वर आला, १९७८ ला लीग जिंकली, आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कप जिंकला. म्हणजे मॅनेजरही संपलेला नव्हता. जो माणूस एका जागी ४४ दिवस टिकला नाही, तो दुसऱ्या जागी १८ वर्षे राहिला. माणूस तोच होता. बदलली होती ती जागा, आणि तिथल्या अटी.

कोलकात्याचे मैदान

आता आपल्या देशात येऊ. भारतात फुटबॉलचे वेड सर्वांत जुने आहे ते कोलकात्यात. मोहन बागान हा क्लब १८८९ चा. १९११ साली त्याने अनवाणी खेळाडूंच्या बळावर गोऱ्या पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. ईस्ट बंगाल १९२० चा. पूर्व बंगालातून आलेल्यांचा क्लब. १९४७ च्या फाळणीनंतर ज्यांचे घर, शेत, गाव सारे पलीकडे राहिले, त्या निर्वासितांना हा क्लब म्हणजे आपल्या हरवलेल्या मुलखाचा झेंडाच वाटला. अशा क्लबाचा प्रेक्षक केवळ करमणुकीसाठी तिकीट काढत नाही. १९८० च्या १६ ऑगस्टला या दोन संघांच्या सामन्यात दंगल उसळून १६ प्रेक्षकांनी प्राण गमावले. प्रेमाची ही धग जिथे असते, तिथे हार सहन होत नाही, आणि क्लबाच्या पदाधिकाऱ्यांवरही तिचा ताण येतो. ते मग कोचच्या कामात हात घालू लागतात.

२०१० ते २०१८ या काळात ईस्ट बंगालच्या मुख्य कोचच्या नेमणुका पाहा. मॉर्गन हे इंग्रज, फालोपा हे ब्राझीलचे, मग गोव्याचे आर्मांदो कोलासो, नंतर हॉलंडचे शातोरी, मग क्लबाचेच जुने खेळाडू विश्वजित भट्टाचार्य, पुन्हा मॉर्गन, आणि मग मुंबईचे खालिद जमील. सात नेमणुका. गोरा, परदेशी, परप्रांतीय, घरचा, असे सर्व प्रकार करून झाले. याच क्लबाने त्याआधी राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली होती ती २००४ मध्ये. पळसाला पाने तीनच, तसे कोच कोणताही असो, निकाल तोच. सात वेळा फोरमन बदलूनही उत्पादन वाढत नसेल, तर तपासणी कशाची करायला हवी हे सांगण्यास इंजिनिअर लागत नाही.

या यादीतले दोघे आपल्या पश्चिम किनाऱ्याचे आहेत, म्हणून त्यांच्याकडे जरा जवळून पाहू.

आर्मांदो कोलासो यांनी गोव्याच्या डेम्पो क्लबाला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले: २००५, २००७, २००८, २०१० आणि २०१२. दुसऱ्या कोणत्याही भारतीय कोचच्या नावापुढे तेव्हा असा आकडा नव्हता. यामागे एक साधी गोष्ट होती. क्लब एक, कोच एक आणि वर्षानुवर्षे तेच खेळाडू. महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची पोरे, आणि जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स व ब्राझीलचा बेटो. कोच, खेळाडू आणि मालक एकमेकांच्या सवयी ओळखून होते.

साठी गाठल्यावर, २०१३ च्या नोव्हेंबरात, हा माणूस गोवा सोडून ईस्ट बंगालला गेला. हंगाम चालू झालेला, संघ आधीच्या कोचांनी आणि पदाधिकाऱ्यांनी जमवलेला. तरीही त्या वर्षी संघ आय-लीगमध्ये बंगळूरच्या खालोखाल दुसरा आला. २०१४ ची कोलकाता लीगही जिंकली. दुसऱ्या कोणत्याही गावी यावर हारतुरे झाले असते. कोलकात्यात दुसरा येणे म्हणजे हरणे. पुढचा हंगाम अर्धा असतानाच, २०१५ च्या फेब्रुवारीत, ते तिथून बाहेर पडले.

खालिद जमील यांचे दोन पत्ते

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. खालिद जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. पण खेळाडू म्हणून ते मुंबईत मोठे झाले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, आणि शेवटी मुंबई एफ. सी. त्याच मुंबई एफ. सी. चे ते २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, कोच झाले आणि सात वर्षे राहिले. क्लबाकडे पैसा बेताचा. दरवर्षीची लढाई विजेतेपदाची नसे, खालच्या वर्गात न घसरण्याची असे. ती लढाई ते दरवर्षी जिंकत. २०१६ मध्ये क्लबाने त्यांच्या जागी दुसरा कोच आणला.

जमील गेले ते थेट मिझोरमला. ऐझॉल एफ. सी. हा क्लब २०१६ मध्ये लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून जागा रिकामी झाली आणि त्याला परत घेतले गेले. भाषा निराळी, अन्न निराळे, डोंगरातले गाव, तुटपुंजा पैसा. याहून धोक्याची नोकरी कोणती, असेच कुणीही म्हणाले असते. जमील यांनी मुंबईहून आशुतोष मेहता आणि जयेश राणे ही आपल्या हाताखाली खेळलेली पोरे बरोबर नेली, सीरियाचा अल-आमना घेतला, आणि स्थानिक मिझो मुलांवर भिस्त ठेवली. २०१७ च्या २२ एप्रिलला ऐझॉलने मोहन बागानला १-० ने हरवले आणि ३० एप्रिलला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून लीग जिंकली. ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. त्याच हंगामात, त्यांना सोडून देणारा मुंबई एफ. सी. तक्त्यात शेवटचा आला.

लगेच ईस्ट बंगालचे बोलावणे आले आणि जमील कोलकात्याला गेले. आता पैसा होता, मोठे स्टेडियम होते, लाखो चाहते होते. ऐझॉलमधले काही खेळाडूही बरोबर आले. २०१७ ची कोलकाता लीग जिंकली. पण राष्ट्रीय लीगमध्ये मोहन बागानविरुद्धचे दोन्ही सामने गेले आणि हवा फिरली. २०१८ च्या ८ मार्चला, अगदी शेवटच्या दिवशी, चार संघांना विजेतेपदाची संधी होती. त्यांत ईस्ट बंगाल एक. त्या दिवशी बरोबरी झाली आणि संघ चौथा आला. लगोलग क्लबाने सुभाष भौमिक या आपल्या जुन्या, मातब्बर कोचला तांत्रिक संचालक म्हणून वर आणून बसवले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे सांगायला नको. दोघांचे जमत नाही हे जगजाहीर झाले. एप्रिलमध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात बंगळूरकडून ४-१ असा पराभव झाला आणि जमील यांची तिथली कारकीर्द संपली.

एकच माणूस, जवळजवळ तीच पद्धत, एका वर्षाच्या अंतराने दोन पत्ते. जिथे सारे प्रतिकूल दिसत होते तिथे यश, आणि जिथे सारे अनुकूल दिसत होते तिथे अपयश. क्लफचेही असेच झाले होते: हार्टलपूल, डर्बी, नॉटिंगहॅम ही कंगाल किंवा मागे पडलेली घरे त्याला लाभली, लीड्सचे भरलेले घर लाभले नाही.

यावरून मी जो निष्कर्ष काढतो तो असा. नोकरीचा धोका आपण चुकीच्या मापाने मोजतो. पैसा कमी, साधने कमी, गाव लांब, म्हणून धोका जास्त, असे आपल्याला वाटते. खरा धोका असतो तो जबाबदारी एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे असण्यात. ऐझॉलमध्ये जमील यांच्याकडे साधने थोडी होती, पण जी होती ती त्यांच्या हातात होती. कोलकात्यात साधने पुष्कळ होती, पण त्यांवर अनेकांचे हात होते. दोष मात्र एकाच्या डोक्यावर. गरिबाच्या घरात नवी सून उपाशी राहील, पण नांदेल. दहा जणांच्या दहा चाव्या असलेल्या वाड्यात ती नांदत नाही.

प्रवरेचे उदाहरण

बाहेरचा माणूस म्हणजे भांडणच, असे मात्र कुणी समजू नये. आपल्याच जिल्ह्याने याचे उत्तम उदाहरण घालून दिले आहे. लोणीच्या माळावर शेतकऱ्यांनी जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या डिसेंबरअखेर सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष कोण? धनंजयराव गाडगीळ. नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, इंग्लंडात शिकलेले पंडित. ना ते या जिल्ह्याचे, ना ऊस लावणारे. गावठी शहाणपणाने पाहिले तर याहून परका माणूस सापडला नसता. तरी तब्बल दहा वर्षे ते त्या कारखान्याची धुरा वाहत होते.

हे का साधले? एक तर त्यांना शेतकऱ्यांनीच मागून आणले होते. भागभांडवल ज्यांनी पै-पै करून जमवले, त्यांनीच. दुसरे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उपाध्यक्ष म्हणून विठ्ठलराव विखे-पाटील उभे होते. शिक्षण थोडे, पण घरोघरचा माणूस ओळखणारे. क्लफला जसा टेलर, तसे गाडगीळांना विखे-पाटील; आणि हे सोबतीचे माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर होते. तिसरे, गाडगीळांनी शेतकऱ्याला तू अडाणी आहेस असे सांगितले नाही. त्याचा हिशेब त्याला समजेल अशा रीतीने मांडला. कारखान्याचा अध्यक्ष आणि फुटबॉलचा पगारी मॅनेजर यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पण परका माणूस कोणत्या जमिनीत रुजतो, हे यातून नेमके कळते.

तरीही लोक का जातात?

एक प्रश्न उरतो. हे सगळे दिसत असताना शहाणी माणसे अशा जागी जातात का? पैसा हे कारण आहेच. पगारदार माणसाने पैशाचा विचार करणे यात मी कधीही कमीपणा मानला नाही. पण कोलासोंना गोव्यात मान कमी नव्हता, आणि क्लफला घर चालवण्याची भ्रांत नव्हती. मला वाटते, ज्याला आपले काम खरोखर येते, त्याला एक ओढ कधी ना कधी लागते: आपले कसब आपल्या घराबाहेर चालते की नाही, हे एकदा पाहावे. तालमीतला पैलवान दुसऱ्या गावच्या जत्रेला जातो तो याच ओढीने. ही ओढ नसती तर कुठलेही कसब आपल्या वेशीबाहेर पडले नसते. म्हणून अशा माणसाला मूर्ख म्हणू नये.

खालिद जमील यांनी ती ओढ कोलकात्यानंतरही सोडली नाही. २०१९ मध्ये मोहन बागान, पुढे ईशान्येतला नॉर्थईस्ट युनायटेड, मग जमशेदपूर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते भारतीय संघाचे मुख्य कोच झाले. १३ वर्षांनी त्या जागेवर भारतीय माणूस आला. ही जागा तर सर्वांत काटेरी. संघटनेत वाद, लीगचे भवितव्य अधांतरी. सप्टेंबरात मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून संघ तिसरा आला तेव्हा कौतुक झाले. ऑक्टोबरात सिंगापूरकडून मडगावला १-२ हार झाली, आशिया कपची वाट बंद झाली, आणि तीच तोंडे उलट बोलू लागली. दोन महिने पुरले.

मला आपल्याला एवढेच सांगायचे आहे की, त्या तोंडांत आपलेही तोंड असते. आपल्या संस्थेत, शाळेत, कारखान्यात नवा माणूस येतो तेव्हा आपण त्याच्या कर्तबगारीची चौकशी करतो; त्याला दिलेल्या जागेची करत नाही. ती करायला शिकले पाहिजे. त्याला कामाबरोबर अधिकार लेखी दिला आहे काय? विश्वासाचा एक तरी माणूस बरोबर आणण्याची मुभा आहे काय? त्याला किती हंगामांची मुदत दिली आहे, आणि तोवर त्याच्या मागे उभे राहण्याचे वचन कोणी दिले आहे? आणि येणाऱ्यालाही एक विचारावे: इथे आधी ज्यांनी घाम गाळला, त्यांच्याविषयी पहिल्या दिवशी तू काय बोलणार आहेस?

कामगाराला नेमणूकपत्र हवे, कामाच्या अटी लेखी हव्यात, चौकशीशिवाय काढता कामा नये, यासाठी आमच्या मागच्या पिढीने तुरुंग पाहिले. तेव्हा पुष्कळांना वाटे, हे हक्क खालच्या माणसाचेच आहेत. अनुभवाने मला उलटे दिसले. वरच्या खुर्चीत एकट्या बसलेल्या माणसालाही त्यांचीच गरज असते. ते नसतील, तर माणूस कितीही मोठा असो, त्याची गणती दिवसांत होते.